परक्याचे पत्र आणि स्वतःची माला

लोकहितवादी आणि विष्णुशास्त्री चिपळूणकर यांच्या गद्याची तुलना सहसा विचारांच्या अंगाने केली जाते. ते गद्य कोठे छापले जात होते आणि त्या स्थानाचा त्याच्या घडणीशी काय संबंध होता, इकडे त्या मानाने कमी लक्ष जाते.

गोपाळ हरी देशमुखांची 'शतपत्रे' (संख्येने 108) 1848 ते 1850 या काळात भाऊ महाजनांच्या 'प्रभाकर' या मुंबईच्या साप्ताहिकातून प्रसिद्ध झाली. लेखक सरकारी नोकर. तेव्हा टोपणनावाचा आडोसा मिळावा आणि पत्र चालविण्याचा भार दुसऱ्याने वाहावा, हा लाभ लहान नव्हे. त्याचे मोल आटोपशीरपणाच्या रूपाने द्यावे लागले. एका पत्रात एखादाच मुद्दा, आखूड वाक्ये, आणि काही पत्रांनंतर तोच मुद्दा पुन्हा. या पुनरुक्तीला लेखकाचा दोष म्हणणे फारसे न्याय्य नाही. मागचा अंक वाचकाच्या हाती पडलाच असेल, असे साप्ताहिकात लिहिणाऱ्याला गृहीत धरता येत नाही.

विष्णुशास्त्र्यांची लेखणी प्रथम 'शालापत्रका'त, म्हणजे शिक्षणखात्याच्या छायेत चालली. जानेवारी 1874 मध्ये त्यांनी 'निबंधमाला' काढली. तिचे 84 अंक निघाले आणि त्यांतील मजकूर मुख्यतः एकट्याच्या हातचा होता. जॉन्सनवर त्यांनी मालेतच विस्तृत निबंध लिहिला. 1750 ते 1752 या काळात 'रॅम्ब्लर' जवळजवळ एकहाती चालविणारा हा ग्रंथकार त्यांना जवळचा वाटावा, यात नवल नाही. विषय अंकामागून अंक लांबविण्याची मुभा मिळाल्याने त्यांच्या वाक्याचे रूपच पालटले. पोटवाक्यांची उतरंड रचीत, अर्धविरामांवर क्षणभर विसावत, उपरोधाचा घाव शेवटी घालणारे ते वाक्य मराठी गद्याला मिळालेली मोठी देणगी होय. परक्याच्या स्तंभात ते वाढले असते, असे वाटत नाही.

परंतु त्याच मोकळिकीने टीकाकार म्हणून त्यांचे नुकसान केले. जोतीराव फुले यांच्या 'गुलामगिरी'चा (1873) समाचार घेताना त्यांनी भाषेच्या अशुद्धतेवर जो भर दिला, तो भाषाशास्त्राच्या दृष्टीने टिकणारा नाही. पुण्याच्या शिष्ट बोलीहून निराळे रूप म्हणजे अज्ञान, हा तेथील गृहीत सिद्धान्त. आणि व्याकरणाचा दोष दाखविला की मूळ आरोपाचे उत्तर झाले, ही त्यावरची पुढची पायरी. दुसरा संपादक असता तर त्याने 'उत्तर कोठे आहे?' असे विचारले असते काय? कदाचित नसतेही; तो त्याच वर्गातला असण्याचा संभव अधिक. तथापि विचारणारे कोणी असण्याची शक्यताच मालेच्या रचनेत नव्हती. लोकहितवादींवरील टीकेतही हेच घडले. दोन दशकांहून जुनी, साप्ताहिकाच्या मापाने बेतलेली पत्रे ग्रंथाच्या काट्याने तोलली गेली, आणि आरोपी, वकील व न्यायाधीश यांपैकी शेवटच्या दोन्ही जागा एकाच व्यक्तीने भरल्या.

'शतपत्रे' 1850 मध्ये थांबली, तरी 'प्रभाकर' पुढे काही वर्षे निघत राहिला. माला 1881 मध्ये संपली. 17 मार्च 1882 रोजी वयाच्या अवघ्या एकतिसाव्या वर्षी विष्णुशास्त्री निवर्तले, आणि तो 85 वा अंक काढणे दुसऱ्या कोणाच्याही हाती नव्हते.