एकच आयुष्य, दोनदा

बेंजामिन रे या नॉर्वेजियन दिग्दर्शकाचा ‘द रिमार्केबल लाइफ ऑफ इबेलिन’ हा २०२४ सालचा माहितीपट आपल्या नायकाला सुरुवातीच्या भागातच निरोप देऊन टाकतो. घरच्या कॅमेऱ्याने टिपलेली दृश्यं भराभर सरकतात. पळणारं पोर, अडखळणारं पोर, मग चाकाच्या खुर्चीतला मुलगा. मॅट्स स्टीनला डुशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी होती. एकेक स्नायू निकामी करत नेणारा आनुवंशिक आजार. कॉम्प्युटरसमोर बसून तो तासन्‌तास ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ हा ऑनलाइन खेळ खेळे. नोव्हेंबर २०१४ मध्ये, वयाच्या २५ व्या वर्षी तो गेला. रॉबर्ट आणि ट्रूडे या आईवडिलांना मुलाच्या जाण्याबरोबरच आणखी एक गोष्ट सलत राहिली: पोराला मैत्री लाभली नाही, प्रेम लाभलं नाही, कुणाच्या आयुष्यात त्याच्यामुळे काही घडलं नाही.

वडिलांनी मॅट्सच्याच ब्लॉगवर त्याच्या निधनाची बातमी लिहिली आणि पत्रांचा ओघ सुरू झाला. देशोदेशीची अनोळखी माणसं इबेलिन रेडमूरसाठी रडत होती. खेळातल्या जगात मॅट्स इबेलिन या नावाने वावरायचा: धट्टाकट्टा, दिलदार, पेशाने गुप्तहेर. इथे रे चित्रपट मागे नेतात आणि तेच आयुष्य पहिल्यापासून पुन्हा सांगतात.

मांडणीचा हा निर्णय या कलाकृतीचा प्राण आहे. पहिल्या कथनात खोटं काहीच नव्हतं. ज्यांनी मुलाला उचललं, भरवलं, हाताची बोटं जेमतेम हलत असताना त्याला खेळता यावं म्हणून खास साधनं मिळवून दिली, त्यांचीच ती साक्ष होती. तरीही ती अपुरी होती. आणि आपणही त्यांच्याबरोबर हळहळत बसलेलो असल्यामुळे दुसरं कथन आपलीही समजूत मोडून काढतं.

त्यासाठीची सामग्री विलक्षण आहे. मॅट्सचा ‘स्टारलाइट’ हा गट भूमिका वठवत खेळणारा. पात्र काय बोललं, कुणाकडे पाहिलं, कसं हसलं, हे सारं टाइप करायचं. त्या नोंदी जपलेल्या होत्या, सुमारे ४२,००० पानं! त्यांतले प्रसंग नटांचे आवाज आणि अ‍ॅनिमेशन यांच्या आधाराने पडद्यावर येतात. रुमर नावाची मुलगी अचानक येऊन इबेलिनची टोपी पळवते, तो प्रसंग पाहा. पोरकट थट्टा, पाठलाग, बस्स. पण मॅट्सच्या शरीराकडे पाहून त्याची थट्टा करायला कोण धजावलं असतं? दया न मिळता खोडी वाट्याला येणं ही केवढी मिळकत आहे, हे रे एका शब्दाचंही भाष्य न करता दाखवतात.

डेन्मार्कमधल्या एका आईला तिचा स्वमग्न मुलगा मिठी मारू देत नसे. इबेलिनच्या सल्ल्याने दोघं एकत्र खेळू लागली आणि त्यांच्या पात्रांनी आधी खेळात एकमेकांना जवळ घेतलं. हा भाग अतिगोड होऊ शकला असता. तसं होत नाही, कारण लगोलग इबेलिनची दुसरी बाजू येते. तो आजार लपवतो, चिडतो, जवळच्यांना दुखावतो, त्याच्या वागण्याचा जाब विचारला जातो. मला हा भाग सर्वांत मोलाचा वाटतो. ज्याच्यावर रागावता येतं, ज्याच्याकडून माफीची अपेक्षा ठेवता येते, त्याला त्या माणसांनी बरोबरीचा मानलेलं असतं.

आणि ते पत्र. रुमरमागची मुलगी नेदरलँड्समध्ये राहणारी. अभ्यास बुडतो म्हणून तिच्या आईवडिलांनी कॉम्प्युटर काढून घेतला, ती खचली. तेव्हा मॅट्सने त्यांना पत्र लिहून तिला खेळू द्यावं म्हणून विनवलं. पालकांना दरडावून नाही, समजावून. तिची काळजी तुम्हालाही आहे आणि मलाही, असा त्याचा सूर. आपल्या घरात जे जग दाखवायचं राहून गेलं, त्याची वकिली त्याने परक्या घरात केली, असं मला ते ऐकताना वाटलं.

मॅट्सच्या अंत्यसंस्काराला ‘स्टारलाइट’चे पाच जण वेगवेगळ्या देशांतून आले होते. ज्याला प्रवास परवडत नव्हता, त्याच्यासाठी गटाने पैसे जमवले होते. त्या दिवशी त्यांच्यापैकी एक जण बोलायला उभा राहिला, आणि रॉबर्ट-ट्रूडे आपल्या मुलाबद्दल ऐकत बसले.