ओस पडलेली मनोरुग्णालये : छायाचित्रे आणि प्रेक्षकांचे अभिप्राय

अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहराच्या सीमेवर बायबेरी या नावाने ओळखले जाणारे एक सरकारी मनोरुग्णालय होते. या एकाच संस्थेची छायाचित्रे दोन निरनिराळ्या काळांत लोकांपुढे आली. पहिली छायाचित्रे ६ मे १९४६ च्या ‘लाइफ’ साप्ताहिकात प्रसिद्ध झाली. सदसद्विवेकबुद्धीला स्मरून युद्धसेवा नाकारणाऱ्या तरुणांना त्या काळी पर्यायी सेवा म्हणून मनोरुग्णालयांत परिचारकाचे काम दिले जाई. त्यांपैकी चार्ल्स लॉर्ड याने बायबेरीतील उघडेनागडे, दाटीवाटीने बसलेले रुग्ण गुपचूप टिपले होते. दुसरी छायाचित्रे रुग्णालय १९९० मध्ये बंद झाल्यानंतरची आहेत. २००६ मध्ये पाडकाम सुरू होईपर्यंत हौशी छायाचित्रकार त्या ओसाड इमारतींत शिरत राहिले.

पहिल्या छायाचित्रांत माणसे आहेत. दुसऱ्यांत ती नाहीत. अभिप्रायांतील अंतरही तितकेच मोठे आहे. १९४६ मधील लेखाने या संस्थांची तुलना नाझी छळछावण्यांशी केली होती, आणि वाचकांची प्रतिक्रिया संतापाची व लाजेची होती. रिकाम्या इमारतींच्या छायाचित्रांना मात्र ‘गूढ’, ‘भयाण’, ‘विलक्षण सुंदर’ अशी विशेषणे लाभली. हे स्थित्यंतर केवळ काळ लोटल्यामुळे घडले, असे म्हणून भागत नाही.

भारतीय साहित्यशास्त्रातील एक जुना भेद येथे उपयोगी पडतो. ज्याच्या ठायी भाव जडतो तो आलंबन विभाव आणि त्या भावास चेतवणारी परिस्थिती हा उद्दीपन विभाव. सोललेला रंग, गंजलेल्या खाटा, लांबच लांब निर्जन मार्गिका ही सारी उद्दीपनाची सामग्री होय. करुणरसाला दुःख भोगणारी व्यक्ती आलंबन म्हणून हवी असते, आणि या चित्रांतून नेमकी तीच गेलेली आहे. भरताने शून्यगृहाचा समावेश भयानकाच्या विभावांत केला आहे. आलंबनावाचून उरलेले उद्दीपन भयानकाकडे वळते आणि रिकामी जागा प्रेक्षक स्वतःच्या कल्पनेने भरून काढतो. तो तेथे भूत आणून बसवतो. मॅसॅच्युसेट्समधील डॅन्व्हर्स रुग्णालय १९९२ मध्ये बंद झाले आणि २००१ मध्ये त्याच वास्तूत चित्रित झालेला एक भयपट प्रदर्शित झाला, ही घटना या दृष्टीने बोलकी आहे. जो एकेकाळी रुग्ण होता, तोच येथे भीतीचे कारण ठरतो.

सौंदर्याची प्रतिक्रिया मात्र इतक्या सहजपणे बाजूस सारता येणार नाही. टॉमस कर्कब्राइड याने १८५४ च्या आपल्या ग्रंथात इमारतीलाच उपचाराचे साधन मानले होते. भरपूर उजेड, खेळती हवा आणि मागे मागे सरत जाणारे लांब पाखे ही त्याच्या रचनेची अंगे. म्हणजे ज्या सौंदर्याने आजचा प्रेक्षक मोहित होतो, ते मूळच्या हेतूचाच भाग होते. वास्तुविद्येचे शिक्षण घेतलेल्या क्रिस्टोफर पेन याच्या २००९ मधील छायाचित्रसंग्रहाला हे भान आहे. त्यास प्रास्ताविक निबंध लिहिणाऱ्या ऑलिव्हर सॅक्स यांनी ‘असायलम’ या शब्दाचा ‘आश्रयस्थान’ हा विसरलेला अर्थ वाचकांपुढे पुन्हा ठेवला. प्रतिक्रिया सौंदर्याची आहे यात दोष नाही. ती सौंदर्यापाशीच थांबते, हा दोष आहे.

ती तेथे का थांबते, याचे एक कारण भाषेत सापडते. या छायाचित्रांना इंग्रजीत सर्वत्र ‘अबँडन्ड’ हे विशेषण लावले जाते. हे कर्मणी धातुसाधित आहे. टाकणारा कोणी तरी आहे हे ते सुचवते, पण त्याचे नाव सांगण्याची सक्ती करत नाही. मराठी बोलणाऱ्यास येथे निवड करावी लागते. ‘ओस पडलेली इमारत’ म्हटले की क्रियापद अकर्मक होते आणि घडलेली गोष्ट आपोआप घडल्यासारखी वाटते. ‘टाकलेली’ म्हटले की ‘कोणी?’ हा प्रश्न लगोलग उभा राहतो. ‘नवऱ्याने टाकलेली’ किंवा ‘परित्यक्ता’ या प्रयोगांत मराठीने हा शब्द माणसासाठी राखला आहे आणि त्यागाचा कर्ता त्यात गृहीत आहे.

तो कर्ता इतिहासात शोधता येतो. १९५५ मध्ये अमेरिकेच्या सरकारी मनोरुग्णालयांत सुमारे ५,५८,००० रुग्ण होते. १९५४ पासून क्लोरप्रोमाझीन हे औषध तेथे वापरात आले. १९६३ च्या कायद्याने लोकवस्तीतच उपचारकेंद्रे उभारण्याचे ठरले. योजलेल्या केंद्रांपैकी बरीचशी कधीच उभी राहिली नाहीत. १९६५ मध्ये सुरू झालेल्या मेडिकेड योजनेने मनोरुग्णालयांतील प्रौढांचा खर्च उचलण्याचे नाकारले, तेव्हा रुग्ण बाहेर काढण्यातच राज्यांचा आर्थिक लाभ दिसू लागला. अनेकांना यातून खरीखुरी मुक्ती मिळाली, हे नाकारण्याचे कारण नाही. पण इतर कित्येकांच्या वाट्याला रस्ता किंवा तुरुंग आला. टाकली गेली ती केवळ इमारत नव्हे; आणि इमारतीविषयी हळहळणारा अभिप्राय या दुसऱ्या त्यागाविषयी बहुधा मौन पाळतो.

जेथे चित्रात व्यक्तीची खूण उरते, तेथे प्रतिक्रियेचे स्वरूप पालटते. पेनच्या संग्रहात हडसन रिव्हर रुग्णालयातील दात घासण्याच्या ब्रशांचे एक कपाट आहे; त्यासमोर भूत आठवत नाही. न्यूयॉर्क राज्यातील विलार्ड रुग्णालय १९९५ मध्ये बंद होताना माळ्यावर रुग्णांच्या ४०० हून अधिक पेट्या सापडल्या. जॉन क्रिस्पिन याने त्या उघडून टिपल्या, तेव्हा पाहणारे विचारू लागले, ही बाई कोण होती, हिचे पुढे काय झाले? राज्याच्या गोपनीयतेच्या नियमांमुळे आडनावे मात्र झाकावी लागली. रुग्णाच्या रक्षणासाठी केलेला नियम त्याला मृत्यूनंतरही अनामिक ठेवतो, हा पेच अद्याप सुटलेला नाही.

डॅन्व्हर्सच्या दफनभूमीत थडग्यांवर नावांऐवजी क्रमांक होते. त्या क्रमांकांमागची नावे शोधण्याचे काम तेथील माजी रुग्णांनी हाती घेतले. त्याच वास्तूला दिलेली ही तिसरी प्रतिक्रिया होय. भयपटाने तेथे भूत पाहिले, वास्तुप्रेमींनी शिल्प पाहिले. माजी रुग्णांनी आपल्यासारखीच माणसे पाहिली. या छायाचित्रांविषयीच्या कोणत्याही अभिप्रायाचे मोल ठरवताना, त्याला आलंबन सापडले की नाही, हीच कसोटी लावणे उचित ठरेल.