पाण्याची वेळ

हल्ली मुंबईवरची नवी मराठी कादंबरी उघडली की पहिल्या वीसेक पानांत गटार येतं, शिवी येते, एखादा भाई येतो. गल्ल्यांची नावं बिनचूक असतात. कुठून शिरलं की कुठे निघतो तेही बरोबर, मोबाइलवरच्या नकाशाची कृपा. पण तिथे पाणी किती वाजता येतं, खोलीचं भाडं कोण गोळा करतं, नळावर पहिला हंडा कोणाचा, हे शेवटपर्यंत कळत नाही.

आपली सुरुवात इतकी कच्ची नव्हती. १९६३ साली जयवंत दळवींची ‘चक्र’ आली, १९६९ मध्ये मधु मंगेश कर्णिकांची ‘माहीमची खाडी’. दळवी अमेरिकन माहिती खात्यातले नोकरदार. त्यांची झोपडपट्टी बाहेरच्या माणसाने पाहिलेली आहे आणि निवेदकाच्या स्वच्छ मराठीतून ते जाणवतं. पण माणसांची भूक आणि वासना त्यांनी पाहुण्यासारख्या बिचकत लिहिल्या नाहीत. या दोन कादंबऱ्यांच्या मधे, १९६५ मध्ये, भाऊ पाध्यांचा ‘वासूनाका’ आला आणि गदारोळ उडाला. कामगार चळवळ, मास्तरकी, कारकुनी, पत्रकारी असं सगळं केलेल्या पाध्यांना नाक्याची भाषा मुद्दाम गोळा करायला जावं लागलं नसावं. त्यातल्या पोक्याच्या तोंडी शिवी विरामचिन्हासारखी येते. आजच्या कादंबऱ्यांत ती फोडणीसारखी वरून ओतलेली असते.

म्हणजे अशा वस्तीत वाढलेल्यानेच लिहावं का? मला तसं वाटत नाही. नामदेव ढसाळांच्या ‘गोलपिठा’ला (१९७२) विजय तेंडुलकरांची प्रस्तावना आहे. ती लिहिण्याआधी तेंडुलकर ढसाळांबरोबर त्या कवितांतली वस्ती हिंडले, न कळलेल्या शब्दांचे अर्थ त्यांनी कवीलाच विचारले आणि हे अडाणीपण लपवलं नाही. बाहेरच्या लेखकाने अभ्यास कसा करावा याचा याहून चांगला नमुना मला माहीत नाही.

दुसरा रस्ता कागदांचा, आणि तिकडे आपले कादंबरीकार फिरकतच नाहीत. मुंबईच्या झोपडीत देव्हाऱ्याइतकीच जपलेली वस्तू म्हणजे प्लॅस्टिकच्या पिशवीतली कागदपत्रं. १९७६ च्या झोपडपट्टी गणनेनंतर फोटोपास, म्हणजे झोपडीधारकांची ओळखपत्रं, आले. पुढे १ जानेवारी १९९५ ही तारीख पुनर्वसनाच्या पात्रतेची रेघ ठरली, मग ती २००० वर सरकली. रेघेच्या अलीकडचा भाऊ पात्र, पलीकडचा अपात्र. पुनर्वसनातली खोली २२५ चौरस फुटांची, पुढे २६९, मग ३००. एका घरातली भांडणं, लग्नं, खोटी नाती, मेलेल्या बापाच्या नावाची वीजबिलं, सगळं या आकड्यांभोवती फिरतं. एवढं आयतं कथानक हाताशी असताना आपण अजून गँगवॉर लिहितोय! कॅथरिन बू या अमेरिकन पत्रकार बाईंनी विमानतळाजवळच्या अण्णावाडीत तीनेक वर्षं घालवली, तीन हजारांहून जास्त सरकारी कागद पाहिले, त्यांतले बरेच माहितीच्या अधिकारात मिळवले, आणि २०१२ मध्ये पुस्तक काढलं. ते कादंबरी नव्हे, तरी आपल्या कित्येक कादंबऱ्यांपेक्षा त्यात माणसं जास्त जिवंत आहेत.

जयंत पवारांसारखा लेखक या सगळ्याला अपवाद. ‘फिनिक्सच्या राखेतून उठला मोर’मधल्या कथांत गिरणगाव विकलं जातं ते माणसांच्या बोलण्याच्या लकबीतून, त्यांच्या देण्याघेण्यातून. मॉलचं वर्णन तिथे फार करावं लागत नाही.

मीही एकदा वही घेऊन अशाच एका वस्तीत गेलो होतो. नळाशी बसलेल्या म्हाताऱ्या आजींना विचारलं, पाणी किती वाजता येतं? त्या उठून आत गेल्या आणि पिशवी घेऊन आल्या. फोटोपास, रेशनकार्ड, सगळं पायरीवर मांडलं. मी सर्वेवाला नाही, गोष्टी लिहितो, असं सांगितलं तर म्हणाल्या, “मग नाव तरी नीट लिवून घ्या. मागच्यानं चुकीचं लिवलं व्हतं.”