वंशावळींतील गौण पुरुष
‘उत्पत्ति’ ग्रंथाच्या हिब्रू पाठांत अर्पक्षदाचा पुत्र शेलह. ग्रीक भाषांतरांत मात्र दोहोंमध्यें केनान शिरतो, आणि लूकाच्या शुभवर्तमानांतही तो आहे. केनानाचीं पुत्रजन्मापूर्वींचीं १३० व नंतरचीं ३३० वर्षें पुढील शेलहाचींच आंकडेवार नक्कल होत. सबब ही पिढी मागाहून घातलेली, असें आमचें मत. परंतु एवढ्यावरून ज्याचें नांवच तेवढें उरलें तो प्रक्षिप्त, असें समजून वंशावळी छाटणें आम्हांस मान्य नाहीं. पाठभेद समासांत द्यावा, पुरुष गाळूं नये. पुराणांतील आंध्रवंशांत पहिल्या राजाचा भाऊ कृष्ण असाच नाममात्र आहे. त्या पहिल्याचें नांव तरी कोठें शिशुक, कोठें सिंधुक! तथापि नाशिकच्या पांडवलेण्यांतील १९ व्या लेण्यांत, सातवाहनकुळांतील कण्ह राजाच्या वेळीं येथील महामात्रानें तें करविल्याचें आजही वाचतां येतें.