नियम जाळ्याचे आणि पाण्याचे

उंब्रजला तारळी कृष्णेला मिळते. तिथल्या पाण्यातले मासे कोणाचे? सर्वांचे, म्हणून कोणीच राखत नाही, असे उत्तर गॅरेट हार्डिन यांच्या १९६८च्या गाजलेल्या लेखाच्या आधारे दिले जाते. आम्हांला तो लेख तोकडा वाटतो. त्यातले सामायिक कुरण कल्पनेतले आहे. तिथला प्रत्येक गुराखी जनावरे वाढवत जातो, पण शेजाऱ्याशी कधी बोलत नाही.

एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी ‘गव्हर्निंग द कॉमन्स’ (१९९०) या ग्रंथात खरे समूह तपासले. तुर्कस्तानातील अलान्याच्या मच्छीमारांत चांगल्या जागांवरून भांडणे होत. त्यांनी जागांची यादी केली, चिठ्ठ्या टाकल्या आणि रोज शेजारच्या जागेवर सरकण्याचा नियम केला. पुढे १९९४मध्ये हार्डिन यांनीही मान्य केले, की नाश होतो तो व्यवस्था नसलेल्या सामायिक मालमत्तेचा.

पण अलान्याचा धडा उंब्रजला पुरत नाही. इथले पाणी वरच्या धोम, कण्हेर, उरमोडी आणि तारळी या धरणांवर अवलंबून आहे. नदीवर मासेमारी करणाऱ्या भोई मंडळींनी जाळ्याची भोके केवढी असावीत हे एकमताने ठरवले, तरी पाणी केव्हा सोडायचे हे त्यांच्या हाती नसते. स्थानिक व्यवस्था वरच्या व्यवस्थांशी जोडलेली हवी, हे ऑस्ट्रॉम यांचे आठवे, शेवटचे सूत्र. आमच्या मते नदीकाठी ते पहिले मानावे.

नदीवर सहल नेणाऱ्या शिक्षकांनी माशांच्या जातींबरोबर हेही विचारायला लावावे: नियम कोण करतो आणि त्याची झळ कोणाला लागते?