प्रशिक्षक शिकतो कोठे? : चित्रपटातील प्रतिमा आणि परदेशी विद्यापीठातील वास्तव

प्रस्तावना :

खेळाडू कसा घडला याची गोष्ट आपल्याकडे वारंवार सांगितली जाते. प्रशिक्षक कसा घडला याची गोष्ट मात्र क्वचितच ऐकावयास मिळते. तालमीतील वस्तादाचे शिकवणे सर्वांना दिसते, त्याचे शिकणे कोणालाच दिसत नाही. त्यामुळे प्रशिक्षण हे उपजत कौशल्य आहे, त्यासाठी विद्यापीठात जाण्याची आवश्यकता नाही, असा समज दृढ झाला आहे. दुसऱ्या टोकाला, परदेशी विद्यापीठाची पदवी मिळाली की प्रशिक्षक तयार झाला, असाही समज अलीकडे बळावत आहे. या दोन्ही समजुतींची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

पडद्यावरील प्रशिक्षक :

'चक दे! इंडिया' (२००७) आणि 'दंगल' (२०१६) या दोन हिंदी चित्रपटांनी प्रशिक्षकाची लोकप्रिय प्रतिमा निश्चित केली. पहिल्यात कबीर खान हा बदनाम झालेला माजी कर्णधार सात वर्षांनी महिला हॉकी संघाचा प्रशिक्षक म्हणून परततो. या सात वर्षांत त्याने प्रशिक्षणाचे ज्ञान कोठून मिळविले, हा प्रश्न चित्रपटाला पडतच नाही. अपमानाच्या वेदनेतून ते ज्ञान आपोआप निर्माण झाले असावे, असे जणू गृहीत धरले आहे.

'दंगल'मध्ये हा पक्षपात अधिक उघड होतो. पतियाळाच्या राष्ट्रीय अकादमीतील मुख्य प्रशिक्षक प्रमोद कदम (गिरीश कुलकर्णी यांनी रंगविलेले मराठी आडनावाचे पात्र) हा संकुचित, मत्सरी आणि अखेरीस कपटी दाखविला आहे. गावच्या मातीत मुलींना घडविणारा पिता हाच खरा गुरू ठरतो. हे पात्र काल्पनिक असले तरी प्रत्यक्ष क्रीडाक्षेत्रातून या चित्रणावर जाहीर हरकत घेतली गेली होती. तथापि येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट वेगळीच आहे. हाच अशिक्षित म्हणून गौरविलेला पिता मुलीच्या हरलेल्या लढतींच्या चित्रफिती मिळवितो, त्या पुन्हा पुन्हा पाहतो आणि दूरध्वनीवरून तिला नेमक्या चुका सांगतो. चित्रफितीवरून लढतीचे विश्लेषण करणे हा आज क्रीडा प्रशिक्षणाच्या अभ्यासक्रमाचा एक प्रमुख भाग आहे. म्हणजे ज्या विद्येची चित्रपट हेटाळणी करतो, तिच्याच आधारे तो आपल्या नायकाला विजयी करतो. दिग्दर्शकाला ही विसंगती जाणवलेली दिसत नाही.

परदेशी वर्गखोली :

भारतात प्रशिक्षकांच्या शिक्षणाची सोय नाही असे नाही. पतियाळा येथील राष्ट्रीय क्रीडा संस्था १९६१ पासून कार्यरत असून तेथील पदविका नोकरीसाठी महत्त्वाची मानली जाते. तरीही इंग्लंडमधील लफबरोसारख्या, क्रीडाविषयक अभ्यासात जगात अग्रस्थानी गणल्या जाणाऱ्या विद्यापीठांचे आकर्षण महाराष्ट्रातील विद्यार्थ्यांना वाटते. तेथील अभ्यासक्रमाचे बलस्थान मान्य करावयास हवे. सराव पाहणे, त्याची नोंद करणे, आपण खेळाडूला काय सांगितले आणि का सांगितले हे नंतर तपासणे, या सवयी तेथे शिस्तीने लावल्या जातात. वस्तादाच्या परंपरेत 'का' विचारण्याची मुभा फारशी नव्हती, हे प्रामाणिकपणे नोंदविणे आवश्यक आहे.

परंतु आंतरराष्ट्रीय विद्यार्थ्याची अडचण नेमकी येथूनच सुरू होते. प्रशिक्षण ही मैदानावर शिकण्याची विद्या आहे. ब्रिटनमध्ये पदवी पातळीवरील परदेशी विद्यार्थ्याला सत्रकाळात आठवड्यास २० तासांपर्यंत काम करण्याची परवानगी असते. मात्र व्यावसायिक खेळाडू किंवा क्रीडा प्रशिक्षक म्हणून नोकरी करण्यास त्याला मनाई आहे. अभ्यासक्रमाचा अविभाज्य व गुणांकित भाग असलेले प्रात्यक्षिक तेवढे त्याला करता येते. म्हणजे प्रशिक्षक होण्यासाठी कर्ज काढून गेलेला विद्यार्थी उपाहारगृहात भांडी घासून पैसे मिळवू शकतो, पण मुलांना धावणे शिकवून मिळवू शकत नाही. त्याच्याच वर्गातील स्थानिक विद्यार्थी संध्याकाळी एखाद्या क्लबात पगारी साहाय्यक म्हणून अनुभव घेत असतो. पदवीपत्रावर दोघांचे शिक्षण समान दिसते. मैदानावरील तासांत ते समान असत नाही. विद्यापीठांच्या आकर्षक माहितीपत्रकांत हिरवळीची छायाचित्रे ठळक असतात, ही अट मात्र विद्यार्थ्याला स्वतः शोधून वाचावी लागते.

दुसरी अडचण खेळाची आहे. प्रात्यक्षिकाच्या जागा प्रामुख्याने तेथे रुजलेल्या खेळांत, म्हणजे फुटबॉल, रग्बी, नेटबॉल यांत मिळतात. कबड्डी-खो-खोच्या मैदानावर वाढलेल्याला तेथे प्रथम नवखा व्हावे लागते. परिस्थिती थोडी पालटत आहे, हे खरे. २०२५ मध्ये दिल्लीतील पहिल्या खो-खो विश्वचषकात इंग्लंडचे संघ उतरले होते आणि त्याच वर्षी कबड्डीची एक विश्वचषक स्पर्धा इंग्लंडच्या वेस्ट मिडलँड्स भागात भरली. विद्यापीठीय अभ्यासक्रमापर्यंत मात्र हे वारे अद्याप पुरेसे पोहोचलेले नाही.

उलट दिशेचा प्रवास :

परक्या देशात प्रशिक्षक काय शिकतो, याचे सर्वांत बोलके मराठी उदाहरण विद्यापीठाबाहेरचे आहे. नाशिकच्या शैलजा जैन इराणच्या महिला कबड्डी संघाच्या प्रशिक्षक म्हणून गेल्या. भाषेची अडचण दूर करण्यासाठी त्यांनी फारसी शिकून घेतली. २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेच्या अंतिम सामन्यात इराणने भारतावर २७-२४ असा विजय मिळविला. या घटनेकडे आपल्याकडे बहुधा दोनच दृष्टींनी पाहिले गेले : भारताचा पराभव म्हणून, किंवा आपल्या प्रशिक्षकाची आपणच कदर केली नाही म्हणून. दोन्ही दृष्टी भावनेच्या पातळीवरच राहतात. चढाईत पाय कधी टाकावा, पकड कोणाच्या इशाऱ्यावर करावी, हे मराठीत एका हुंकाराने सांगता येते. परक्या भाषेत त्याची फोड करावी लागते. आपल्याला येणारी गोष्ट वेगळी काढून, तिचे टप्पे पाडून दुसऱ्याच्या शब्दांत ठेवणे, हेच तर प्रशिक्षणशास्त्र. 'वस्ताद' हा शब्दच मुळात फारसीतील 'उस्ताद'वरून मराठीत आला, आणि एक मराठी वस्ताद पुन्हा फारसीत जाऊन शिकवू लागली, ही मौज येथे नमूद करण्यास हरकत नाही.

जैन यांनी काय केले हे ठाऊक आहे. कसे केले याचा अभ्यास मराठीतील क्रीडालेखनाने केलेला दिसत नाही. मल्लखांबाचे उदाहरणही असेच आहे. मुंबईत उदय देशपांडे यांच्याकडे अनेक परदेशी विद्यार्थी येऊन शिकले, २०१९ मध्ये शिवाजी पार्कवर मल्लखांबाची पहिली विश्व अजिंक्यपद स्पर्धा झाली. त्या परदेशी विद्यार्थ्यांना काय अवघड गेले, कोणत्या सूचना त्यांना उमगल्या नाहीत, हे प्रशिक्षणशास्त्राच्या दृष्टीने पदकांपेक्षा मोलाचे साहित्य होते. आपले क्रीडालेखन पदकाजवळ थांबते.

मराठवाड्याचा प्रश्न :

पाचोडसारख्या गावातील विद्यार्थ्याला परदेश दूर आहे, पण पुणेही फार जवळ नाही. राज्याचे क्रीडा विद्यापीठ प्रथम औरंगाबादजवळ करोडी येथे होणार असे ठरले होते. डिसेंबर २०२० मध्ये विधिमंडळाने जे विधेयक मंजूर केले, ते पुण्यातील बालेवाडीच्या विद्यापीठाचे. यासंबंधी प्रादेशिक अन्यायाची चर्चा झाली आणि ती योग्यच होती. परंतु करोडी की बालेवाडी या वादात, तेथे शिकविणार काय, हा प्रश्न मागे पडला. परदेशी अभ्यासक्रमाचे भाषांतर करून तो राबविला, तर पैठण तालुक्यातील खो-खोपटू आपल्याच राज्यात आंतरराष्ट्रीय विद्यार्थी ठरेल : ज्या खेळात तो तरबेज आहे त्याचे प्रात्यक्षिक नाही, ज्या भाषेत तो मुलांना हाक मारतो त्या भाषेत नोंदवही नाही. निदान गावोगावच्या शाळांची मैदाने प्रात्यक्षिकासाठी ग्राह्य धरणे, तेथील साहाय्यक प्रशिक्षकाला मानधन देणे आणि सरावाच्या नोंदी मराठीत स्वीकारणे, एवढे करण्यासाठी कोणत्याही व्हिसाची अट आड येत नाही.