बटण, आज्ञा आणि अधिकार

तत्त्वज्ञानवाल्यांचं मोबाइल ॲपमध्ये काय काम, असं काहींना वाटेल. आहे काम. बघा.

'पैसे पाठवा' असं लिहिलेलं एक बटण घ्या. बोट टेकल्यावर काय व्हावं, हे सांगायचे डॉटनेट माउईमध्ये दोन रस्ते आहेत. एक, क्लिक या घटनेला पडद्याच्या फाइलीतलं फंक्शन जोडायचं. दुसरा, बटण व्ह्यू-मॉडेलमधल्या कमांडला बाइंड करायचं. मायक्रोसॉफ्टच्या जॉन गॉसमन यांनी २००५ मध्ये डब्ल्यूपीएफसाठी जी मांडणी पुढे ठेवली, तिच्यातून हा दुसरा रस्ता रूढ झाला.

नैयायिक क्रम लावतात: ज्ञान, इच्छा, प्रयत्न आणि मग शरीराची चेष्टा. क्लिक ही नुसती चेष्टेची बातमी. कमांड हेतूला नाव देते. म्हणून तीच कमांड बटणावरून चालते, मेनूवरूनही चालते, आणि पडदा न उघडता तिची चाचणी घेता येते. एवढं श्रेय आम्ही तिला मोकळेपणानं देतो.

कमांडचा दुसरा भाग असतो 'कॅन-एक्झिक्यूट'. कर्म सांगताना ते करण्याचा अधिकार कोणाला, हे मीमांसक विचारतात. हा तोच प्रश्न. उत्तर 'नाही' आलं की बटण आपोआप निष्क्रिय होतं.

आमची तक्रार इथून सुरू होते. मीमांसक अधिकार नाकारताना कारण देतो. इथं उत्तर फक्त हो किंवा नाही. बटण करडं पडतं आणि वापरणारा आजोबा समजतो, आपलंच काही चुकलं! शिवाय परिस्थिती बदलल्याची खूण कमांडनं दिली नाही, तर अधिकार मिळूनही बटण मिटलेलंच राहतं. आणि बाइंडिंगमध्ये कमांडचं नाव चुकलं तर? बटण दिसतं चालू, दाबलं की काहीच होत नाही. एक्स-डेटाटाइप लिहिला तर ही चूक ॲप बांधतानाच पकडली जाते. तरी तो लिहायचा कंटाळा केला जातो.

म्हणून आमचं मत असं: कमांड ठेवाच, पण 'का नाही' हे सांगणारं वाक्यही व्ह्यू-मॉडेलमध्ये ठेवा आणि बटणाखाली दाखवा. 'शिल्लक अपुरी आहे', एवढं पुरे. नकाराचा अधिकार ज्यानं घेतला, कारण सांगायची जबाबदारीही त्याचीच, नाही का?

आता तुमचे प्रश्न घेऊ.